तोच कोपरा, तोच वास
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या घरात नऊ वर्षांची लॅब्रेडोर कुत्री आहे आणि आता तिच्या जोडीला पाच महिन्यांचे गावठी पिल्लूही आले आहे. हॉलमध्ये संगमरवराची लादी असून तिच्यावर भदोहीचा लोकरी गालिचा अंथरलेला असतो. पिल्लू गालिच्याच्या एकाच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा शू करते. रोज फिनेलने लादी पुसली जाते, तरी पावसाळी हवेत वास येतोच. सासूबाई म्हणतात, एक तर गालिचा ठेवा, नाही तर कुत्री. काही मधला मार्ग आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मार्ग आहे, परंतु त्यासाठी प्रथम फिनेल बाजूला ठेवावे लागेल. फिनेलच्या उग्र वासाखाली आपल्याला मूत्राचा वास जाणवेनासा होतो. कुत्र्याला मात्र तो पूर्वीइतकाच स्पष्ट येत असतो आणि ही आपली ठरलेली जागा आहे, असे ते समजून चालते. म्हणून साफसफाई आपल्या नाकासाठी न करता पिल्लाच्या नाकासाठी करावी. शिवाय काळ्या फिनेलमधील फेनॉलवर्गीय द्रव्ये कुत्र्यांना अपायकारक असतात, आणि पुसलेल्या लादीवरून चालून आल्यावर पंजे चाटणे हा तर त्यांचा नित्यक्रमच असतो. अमोनिया असलेली द्रावणेही टाळावीत, कारण मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन झाले की अमोनियाच तयार होतो आणि त्या वासाने पिल्लाला उलट आमंत्रणच मिळते. ब्लीचिंगचे द्रावण मूत्रावर ओतणे तर धोक्याचेच आहे, कारण त्यातून घशाला आणि डोळ्यांना झोंबणारे वायू निघतात.

आता गालिच्याविषयी. डाग ताजा असेल तर जुन्या सुती साडीची जाड घडी त्यावर दाबून धरावी, ती भिजली की कोरडी बाजू लावावी, आणि ओल येणे थांबेपर्यंत हेच करत राहावे. घासू नये; घासल्याने लोकरीचे तंतू विस्कटतात आणि ओल खोलवर जाते. त्यानंतर थोडे गार पाणी शिंपडून पुन्हा टिपावे. गरम पाणी किंवा वाफ वापरल्यास डाग आणि वास तंतूंत पक्के बसण्याची शक्यता असते. शेवटी एक भाग पांढरे व्हिनेगर आणि तीन भाग पाणी असे मिश्रण लावता येते, मात्र आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंग सुटत नाही ना, हे पाहून घ्यावे. प्राण्यांच्या डागांसाठी बाजारात मिळणारी एन्झाइमयुक्त द्रावणे सुती किंवा कृत्रिम धाग्याच्या गालिच्यावर चांगले काम करतात, पण त्यांपैकी अनेकांत प्रथिने तोडणारे एन्झाइम असते आणि लोकर हेही एक प्रथिनच आहे. बाटलीवर लोकरीसाठी योग्य असल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ती घेऊ नये.

व्हिनेगर वापरताना गालिचा संगमरवरावरून उचलून बाल्कनीत न्यावा, हे विसरू नका. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाचा थेंब पडला की त्याची झिलई जाते आणि तो मंद डाग पुसून निघत नाही. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हेही चुनखडीचेच दगड असल्याने त्यांनाही हाच नियम लागू होतो. आपल्या लादीला बादलीभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब पुरेत. मात्र नंतर साध्या पाण्याने पुन्हा पुसून घ्यावे, कारण साबणाचा थर राहिला तर त्यावर धूळही बसते आणि थोरल्या कुत्रीचे पायही घसरतात. या वयात सांध्यांना बसणारे असे हिसके तिला महागात पडतात, त्यामुळे गालिचा काढून टाकण्याच्या मी तरी विरोधात आहे.

पावसाळ्यात वास परत येतो, कारण गालिच्यात मुरलेले क्षार हवेतील दमटपणा शोषून घेतात. त्यावर उपाय करण्यापूर्वी गालिचा उलटा करून पाहावा. मागे गाठी दिसत असतील तर तो हाताने गाठी मारून विणलेला आहे आणि गालिचे धुणाऱ्या कारागिराकडून पूर्ण धुऊन घेता येतो. मागे कापड चिकटवलेले असेल तर त्याखाली लॅटेक्सचा थर असतो. त्यात मुरलेले मूत्र धुऊनही पूर्णपणे जात नाही, आणि असा गालिचा जुना असेल तर त्यावर अधिक खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे करूनही पिल्लाला शिस्त लावावी लागेलच. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला लगेच खाली न्यावे, आणि बाहेर शू केल्याबरोबर तिथेच खाऊ द्यावा. घरात चूक झाल्यावर त्याचे नाक त्यात घासल्याने ते फक्त आपल्यापासून लपून शू करायला शिकते. मात्र थोरली कुत्री अचानक घरात शू करू लागली, तर तो शिस्तीचा प्रश्न न मानता मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यांसाठी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी.

प्रश्न : कुत्र्याच्या गोचिड्या आता भिंतीवर चढताना दिसतात. लादी रोज धुऊनही त्या कमी होत नाहीत. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : केवळ लादी धुऊन त्या कमी होणार नाहीत. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत किंवा स्कर्टिंगच्या फटीत शिरून हजारो अंडी घालते. म्हणजे तिचा संसार लादीवर नसून त्या फटींत असतो. म्हणून कुत्र्यावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध सुरू करावे, त्याच वेळी फटी व्हॅक्यूम क्लीनरने साफ करून पिशवी लगेच घराबाहेर रिकामी करावी, आणि त्या सिमेंटने बुजवून घ्याव्यात. उपाशी गोचिड्या कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे एकही दिसेनाशी झाली तरी औषध मध्येच थांबवू नये. अंगावरची गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल लावू नये. घरात मांजरही असेल, तर परमेथ्रिन असलेला फवारा आणू नका, ते मांजरांच्या जिवावर बेतते.