आई जेवत नाही, मग सलाईन तरी लावा ना!

"मॅडम, ती काहीच खात नाही. वर सलाईनही नको म्हणतात. म्हणजे आम्ही आईला उपाशीच ठेवतोय ना?"

कॅन्सर शेवटच्या टप्प्यात पोचलेल्या बहुतेक घरांत हा प्रश्न निघतोच. दुखण्याच्याही आधी निघतो. आपल्याकडे माया ताटातून दिसते. ताट तसंच परत आलं की घरच्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय.

विचारणारे गृहस्थ पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरचे, पन्नाशीतले. (ओळख कळू नये इतपत तपशील बदलले आहेत.) आईला स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला. केमो झेपेना म्हणून थांबवली होती. घरी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी ठेवणाऱ्या शुश्रूषेच्या सिस्टर यायच्या, आणि मुलाची झोप उडाली म्हणून त्याच्याशी बोलायला मला बोलावलं होतं. झोप उडायला कारणही होतं. कोथरूडचे मामा रविवारी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हाताला साधं सलाईन नाही? पैसे वाचवताय का?" असे रविवारचे पाहुणे प्रत्येक आजारी घराला असतात. सून बिचारी शहाळं, नाचणीची पेज, प्रोटीन पावडर घेऊन दिवसभर मागे. आदल्या दिवशी झोपाळलेल्या आजींना भरवताना जोराचा ठसका लागला होता.

मुलाच्या मनातल्या अपराधीपणावर मी बोलणारच होते. पण त्या घरात खरी हालचाल झाली ती सिस्टरांमुळे, आणि तीही माझ्या डोळ्यांसमोर.

त्या आल्या, हात धुतले आणि मुलाला बाजूला ठेवून थेट आजींना विचारलं, "आजी, काय द्यावंसं वाटतंय?"

"चहा," आजी म्हणाल्या. "आणि हिला सांगा, चमचा घेऊन मागे लागू नको म्हणावं."

सून रडायलाच लागली. सिस्टरांनी तिला समजावण्यात वेळ घालवला नाही. आधी औषधांचा डबा मागवला. मॉर्फिनची पट्टी उलटून गोळ्या मोजल्या, तर हिशेबापेक्षा जास्त उरलेल्या. रात्रीची गोळी मुलगा गाळत होता, सवय लागेल या भीतीने. पोट साफ होण्याचं औषध तर बंदच केलं होतं, "किती गोळ्या द्यायच्या" म्हणून. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच आणि ती इतर त्रासांसारखी आपोआप ओसरत नाही, म्हणून ते औषध जोडीला चालू ठेवावं लागतं. "दादा, चार दिवस पोट साफ नाही. वरून पेज घातली तर ती जाणार कुठे? आणि कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिलेल्या मॉर्फिनला व्यसन म्हणत नाहीत. उलट गोळी गाळली की दुखणं अंगावर येतं." त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून पुढचं विचारून घेतलं.

मग सलाईन. मला वाटलं, आता मोठं व्याख्यान होणार. त्यांनी साधा हिशेब मांडला. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एका पोळीएवढी ताकद. शरीर शेवटाकडे निघालं की भूक आपणहून मिटते, आणि वरून दिलेलं पाणी मुरत नाही. ते बऱ्याचदा पायांवर सूज आणतं, पोटात साठतं, छातीत घरघर वाढवतं. "उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं असतं तर मीच लावा म्हटलं असतं," हेही त्यांनी सांगितलं. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. सलाईनला सरसकट नाही म्हणणारा माणूस घरच्यांना निर्दय वाटतो. कधी हो आणि कधी नाही हे सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

"पण तोंड कोरडं पडतंय हो तिचं," मुलगा म्हणाला.

"त्याला सलाईन लागत नाही, तुम्ही लागता." त्यांनी उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, बोटाला गॉज गुंडाळला आणि गालाच्या आतून, हिरड्यांवरून, जिभेच्या कडेने हलका फिरवला. ओठांना व्हॅसलीन. मग उशा लावून आजींना बसतं केलं, पूर्ण जाग्या आहेत ना ते पाहिलं आणि चहा अर्धा-अर्धा चमचा दिला, प्रत्येक घोट गिळून झाल्यावरच पुढचा. पाच-सहा चमच्यांवर आजींनी हात केला, सिस्टर थांबल्या. पुढच्या खेपेला गॉज मुलाच्या बोटाला होता.

या शुश्रूषेची वाट घालून देणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी संस्था, काढलं. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, आणि डॉक्टर त्यानंतर. शरीर, मन, घर, श्रद्धा या सगळ्यांचं दुखणं एकच धरायचं हा त्यांचा आग्रह. तो आजही सगळ्यात जास्त पाळतात त्या नर्सच, कारण डॉक्टर पाच मिनिटांत निघतात आणि खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

घरी निभेना तर काय, हेही आम्ही दोघींनी बोलून ठेवलं. वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र १९९७ पासून आहे, तिथे कॅन्सरच्या रुग्णांची मोफत काळजी घेतात. "म्हणजे मरायलाच पाठवायचं?" असं सुनेने विचारलं. तसं नसतं, त्रास आटोक्यात आणून, घरच्यांना शुश्रूषा शिकवून पेशंटला घरीही पाठवतात.

तशी वेळ आली नाही. आजी घरीच गेल्या. तेराव्यानंतर सिस्टरांनी फोन केला, तोही त्यांच्या कामाचाच भाग. मुलाने पुन्हा तेच विचारलं, "लावायला हवं होतं का?" त्यांनी पुन्हा तेच सगळं सांगितलं, जराही न कंटाळता. तो आता माझ्याकडे येतो. झोप बरी आहे. मामांशी मात्र अबोला आहे, आणि पुढच्या भेटीत तोच विषय घ्यायचं ठरलंय.