माळ्यावरचा टीव्ही गेम: बाबांना त्यांचा खेळ परत देताना

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बाबांचा लहानपणीचा टीव्ही गेम माळ्यावर सापडला आणि वाढदिवसाला तो चालू करून द्यायचाय, हा बेत आवडला. पण प्लग लावून बटण दाबायची घाई करू नकोस. आधी त्यांचा खेळ नेमका कोणता, ते काढून घे.

‘कुठला गेम आवडायचा?’ असं विचारलंस तर ‘मारिओ’ असंच उत्तर येईल, कारण सगळ्यांना तेवढंच नाव आठवतं. त्यापेक्षा असं विचार: पडदा सरकायचा की एकाच जागी असायचा? दोघं एकदम खेळायचे की आळीपाळीनं? विटांच्या भिंती, रणगाडे आणि खाली मधोमध जपायचा गरुड असेल, तर तो नामकोचा 1985 चा ‘बॅटल सिटी’. सिंहावर बसून पेटत्या रिंगणांतून उडी मारायची असेल तर ‘सर्कस चार्ली’. वरून दिसणारी गाडी आणि संपत जाणारं पेट्रोल म्हणजे ‘रोड फायटर’. दोघं एकदम बंदुका घेऊन जंगलात पळत असतील तर ‘कॉन्ट्रा’. त्यात 30 जीव मिळवायचा कोड (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट) तू न विचारताच बाबा म्हणून दाखवतील.

कॅसेटवर ‘9999 इन 1’ छापलेलं असलं तरी त्यावर जाऊ नकोस. आत मोजकेच गेम असतात, तेच पुन्हा पुन्हा, कधी वेगळ्या नावानं, कधी थेट पुढच्या लेव्हलपासून. कारण मेमरीचं. बॅटल सिटी 24 किलोबाइटमध्ये बसतो, मारिओ 40 मध्ये, कॉन्ट्राला मात्र 128 लागतात. म्हणून स्वस्त कॅसेटी छोट्या, एका पडद्याच्या खेळांनी भरलेल्या असायच्या. कॉन्ट्रा अशा कॅसेटीत न दिसता वेगळ्या कॅसेटीत सापडला तर नवल वाटू देऊ नकोस.

आता वीज. यंत्रं इथेच सर्वांत जास्त जळतात. जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर 9 व्होल्टचा म्हणवतो, पण भार नसताना 12-13 व्होल्टही देतो. तेवढं चालतं, उलटी पिन मात्र चालत नाही. बऱ्याच यंत्रांत पिनचं मधलं टोक ऋण असतं, आजच्या बहुतेक अडॅप्टरांत ते धन असतं. यंत्र उघडून 7805 लिहिलेला तीन पायांचा रेग्युलेटर (वीज 5 व्होल्टवर आणणारा भाग) शोध. त्याचा मधला पाय म्हणजे ऋण. मल्टिमीटर बीपवर ठेवून तो पाय जॅकच्या कुठल्या टोकाला जोडलाय ते बघ आणि अडॅप्टर त्याप्रमाणे निवड. चालू केल्यावर 7805 च्या तिसऱ्या पायावर 4.8 ते 5.2 व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर चित्र थरथरतं किंवा गेम अधूनमधून अडकतो. इनपुटजवळचा मोठा कपॅसिटर फुगलेला दिसला तर आधी तोच बदल, धन-ऋण बाजू पाहून.

कॅसेटीत फुंकर मारायची सवय बाबांना असेलच. फुंकरेनं काही साफ होत नाही. कॅसेट काढून पुन्हा लावली की पिना नव्यानं टेकतात, म्हणून गेम चालू व्हायचा. उलट तोंडाची वाफ पिनांना गंज आणते. महात्मा गांधी रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मागून बघ, 99 टक्क्यांचं. इअरबड ओला करून पिना पुस, काळं यायचं थांबेपर्यंत. हट्टी डागाला पांढरा खोडरबर चालेल. पॉलिश पेपर लावू नकोस, वरचा मुलामा फार पातळ असतो. आणि कॅसेट बदलताना यंत्र बंद.

रिमोटचं एकच बटण मेलं असेल तर आतलं रबर काढून सर्किटवरचे काळे ठिपके आयपीएनं पुस. रबराचा कार्बन फक्त कोरड्या कापडानं पुसायचा. सगळीच बटणं मेली असतील तर दोष बहुधा वायरीत, रिमोटच्या तोंडाशी, जिथे ती वाकून वाकून आतून तुटते. दोन इंच कापून पुन्हा डाग दे (सोल्डर कर), पण त्याआधी रंगांचा फोटो काढ. पाच वायरी असतात: पाच व्होल्ट, ऋण, क्लॉक, लॅच, डेटा.

चित्रासाठी पिवळी एव्ही पिन वापर, अँटेनाची वायर नको. टीव्हीत ‘गेम मोड’ असेल तर चालू कर, नाहीतर उडी उशिरा पडते आणि बाबा म्हणतील, हात राहिला नाही. बदकं मारायची बंदूक मात्र एलईडी टीव्हीवर चालणार नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि तो उजेड बंदूक टिपते. नवा टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, त्यामुळे नेम चुकलाच समजायचं. त्यासाठी जुना पिक्चर ट्यूबचा टीव्हीच हवा. त्याची पाठ मात्र उघडू नकोस. प्लग काढल्यावरही आत जिवावरचा दाब उरतो.

यंत्र जगलंच नाही, तर कॉम्प्युटरवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) आहेच. पण इथे लोक फसतात. अमेरिकी-जपानी गेम सेकंदाला 60 चित्रांच्या हिशेबानं बनले होते. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) टीव्हीसाठीची नक्कल यंत्रं बहुतेक 50 वर चालायची, म्हणजे खेळ आणि संगीत दोन्ही सहाव्या हिश्श्यानं संथ. बाबांच्या कानात तीच संथ चाल बसलेली असते. म्हणून ‘मेसेन’ किंवा ‘एफसीईयूएक्स’ या एम्युलेटरमध्ये रीजन ‘डेंडी’ (अशाच एका नक्कल यंत्राचं नाव) कर. ‘पाल’ निवडलंस तर वेग जुळेल, पण सूर खाली उतरेल.

बुधवारच्या बाजारात गंगेवर (गोदाघाटावर) जुन्या कॅसेटी दिसल्या तर दोन्ही बाजूंना तीस-तीस पिना मोजूनच घे. विकणारा ‘चालू आहे’ म्हणेलच. आत सुट्या चिपऐवजी काळा डांबराचा थेंब असेल आणि पिना चकचकीत असूनही गेम उठत नसेल, तर त्यात दुरुस्ती नाही.

अडॅप्टरच्या लेबलचा आणि उघडलेल्या सर्किटचा फोटो पाठव. मग 7805 बदलायचा की नाही ते कळवतो.

तुझा,
काका