डिजिटल माहितीवरच्या जर्नलला शोधनिबंध कसा पाठवायचा? आठ दिवसांत छापतो म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. तुम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सहायक ग्रंथपाल आहात आणि पीएच.डी. चालू आहे. गावच्या सार्वजनिक वाचनालयात हैदराबाद संस्थानाच्या काळातल्या मराठी वृत्तपत्रांच्या फायली आहेत. त्या तुम्ही स्कॅन केल्या, त्यांवर ओसीआर (स्कॅनमधली छापील अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणारी प्रणाली) चालवलं आणि त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला. एका जर्नलने ‘आठ दिवसांत छापतो, अडीच हजार भरा’ असं कळवलंय. निबंध त्यांच्याकडे गेलाय, पैसे अजून दिलेले नाहीत.

मी ग्रंथालय व माहितीशास्त्र शिकवते आणि या विषयातल्या जर्नलांसाठी आलेले निबंध तपासते, त्या अनुभवावरून लिहिते आहे.

पैसे देऊ नका. आजच त्यांना दोन ओळींचा मेल करा, की निबंध मागे घेत आहे, छापू नये. कॉपीराइट हस्तांतराचा फॉर्म पाठवला असेल तर त्यावर सही करू नका. मग त्यांच्या संकेतस्थळावर तुमच्या निबंधाचं शीर्षक टाकून शोधा. अशी काही मंडळी निबंध आधी चढवून मोकळी होतात आणि मागून पैशांचा तगादा लावतात. एकदा का तो तिथे दिसला, की चांगलं जर्नल ‘आधीच प्रसिद्ध झालेला’ म्हणून परत करू शकतं. त्यांच्याकडून उत्तर येवो न येवो, तुमचा मेल जपून ठेवा.

घाईचं मूळ पीएच.डी.त असेल, तर एक गोष्ट विद्यापीठाच्या संशोधन विभागात स्वतः जाऊन विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, नोव्हेंबर २०२२च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलेलाच हवा अशी सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाने स्वतःचा नियम ठेवलेला असू शकतो, म्हणून लेखी विचारा. बाकीचे विद्यार्थी काय म्हणतात यावर विसंबू नका. ‘आमचं जर्नल यूजीसी केअर यादीत (म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नलांच्या यादीत) आहे’ हे वाक्यही आता फारसं कामाचं नाही. ती यादी बंद करायचा निर्णय यूजीसीने ऑक्टोबर २०२४मध्ये घेतला आणि फेब्रुवारी २०२५मध्ये जाहीर केला. जर्नल पारखायची जबाबदारी आता संस्थांवर आणि पर्यायाने तुमच्या-माझ्यावर आली आहे.

आयएसएसएन क्रमांक म्हणजे दर्जाची खूण, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो नियतकालिकाला ओळख देणारा आठ अंकी क्रमांक, बस. आत काय छापतात याच्याशी त्याचा संबंध नाही. मी आधी जुना अंक उघडते. एकाच अंकात योग, वाणिज्य, कीटकशास्त्र आणि ग्रंथालय असं सगळं आलं असेल तर ते संकेतस्थळ तिथेच बंद करते. संपादक मंडळातल्या दोघांची नावं त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का, तेही पाहते. आणि आठ दिवसांचं म्हणाल, तर दोन जाणकारांनी निबंध नीट वाचून, शेरे लिहून द्यायचे म्हटले तर इतक्या दिवसांत ते होत नाही. मग निबंध कुणी वाचतच नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितल्यासारखं आहे.

तुमच्या विषयाला जागा आहेत. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या डेसिडॉक या माहिती केंद्राचं ‘डेसिडॉक जर्नल ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी’ दर दोन महिन्यांनी निघतं. सीएसआयआरच्या निस्पर संस्थेचं ‘अॅनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज’ त्रैमासिक १९५४पासून चालू आहे. दोन्ही कुणालाही मोफत वाचता येतात आणि लेखकाकडून छपाईचे पैसे घेत नाहीत. परदेशी म्हटलं की लाखभर रुपये लागणार, हा समजही सरसकट खरा नाही. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑन डिजिटल लायब्ररीज’ स्प्रिंगरचं आहे. तिथे मुक्त प्रवेशाचा (निबंध सगळ्यांना मोफत वाचता येण्याचा) पर्याय घेतला तरच पैसे लागतात, वर्गणीच्या मार्गाने छापलं तर नाही. जर्नल निवडताना शेवटचा अंक कधीचा आहे तेही बघा. या क्षेत्रातली सुरुवातीची नावं आता चालू नाहीत. ‘डी-लिब मॅगझिन’ १९९५ला सुरू होऊन २०१७ला थांबलं. १९९७चं ‘जर्नल ऑफ डिजिटल इन्फर्मेशन’ही नवे अंक काढत नाही. जुन्या संदर्भयाद्यांत ही नावं भेटतात आणि विद्यार्थी तिथे निबंध पाठवायला निघतात.

आता निबंधाबद्दल, कारण तो परत येतो की पुढे जातो हे तिथेच ठरतं.

आपल्या भागातून येणाऱ्या बऱ्याच निबंधांची पहिली दोन पानं सारखीच असतात. आजचे युग हे माहितीचे युग आहे, मग रंगनाथनांची ग्रंथालयशास्त्राची १९३१ची पंचसूत्री, मग डिजिटल ग्रंथालयाच्या व्याख्या, मग फायदे आणि तोटे. रंगनाथनांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण संपादकाला ती सूत्रं पाठ असतात. त्याला हवं असतं ते तुमच्याकडेच आहे आणि ते तुम्ही सातव्या पानावर दडवून ठेवता. छोट्या गावातून आलेला निबंध म्हणून कुणी नाकारतं असं मला दिसलेलं नाही. सर्वसाधारण म्हणून मात्र नाकारतात, आणि तुमचं काम तर अजिबात सर्वसाधारण नाही. २०२३मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा निजामकालीन मोडी आणि उर्दू दप्तरं धुंडाळावी लागली. आपल्या भागाचा कागद वाचता येणं, शोधता येणं किती मोलाचं आहे, हे त्या वेळी गावागावांत कळलं. त्या काळची मराठी वृत्तपत्रं मशीनला कितपत वाचता येतात, हा म्हणूनच खरा प्रश्न आहे. पहिल्या परिच्छेदातच तो मांडा.

मग तपशिलात उतरा. ती पानं खिळे जुळवून छापलेली. झिजलेले खिळे, पसरलेली शाई, शिरोरेषेला चिकटलेल्या मात्रा. ओसीआर कुठे कुठे चुकलं, हे अशा पानांची उदाहरणं घेऊन दाखवा. ‘निकाल समाधानकारक आला’ एवढं लिहून चालणार नाही. काही पानं हाताने अचूक टाइप करून घ्या, ती ओसीआरच्या मजकुराशी ताडून पाहा आणि अक्षरचुकीचं प्रमाण काढा: बदललेली, गळलेली आणि जादा आलेली चिन्हं मिळवायची आणि मूळ मजकुरातल्या एकूण चिन्हांनी भागायचं. आता इथे मराठीची खरी गंमत आहे. ‘क्षे’ हे आपल्याला एक अक्षर. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, ती चार चिन्हं आहेत: क, हलन्त, ष आणि एकाराची मात्रा. तुम्ही काय मोजलं, अक्षर की चिन्ह? हे सांगितलं नाही तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी ताडता येत नाही.

आणखी एक. ‘दुसऱ्या’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकीत नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण ताडणारी प्रणाली त्याला चूक म्हणते. आधी दोन्ही मजकूर एका रूपात आणा आणि तसं केल्याचं निबंधात लिहा.

तिसरी गोष्ट तर मला या निबंधाचा गाभाच वाटते. तुमची वृत्तपत्रं १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची आहेत. त्यांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार ठायी ठायी असणार. ओसीआरने ते गाळले तर तो दोष धरायचा का? आणि नाही गाळले, तर आजचा वाचक ‘काही’ असं टाइप करून शोधेल तेव्हा त्याला ते पान सापडेल का? मूळ छापील रूप तसंच जपायचं आणि शोधासाठी वेगळी, अनुस्वार काढलेली प्रत ठेवायची, असा माझा कल आहे. तुमचा वेगळा असेल तर कारणासह मांडा. हा प्रश्न इंग्रजी वृत्तपत्रांवर काम करणाऱ्यांपुढे या रूपात येत नाही, त्यामुळे त्यावर तुमच्याइतक्या अधिकाराने बोलणारे फार थोडे आहेत.

पानांची छायाचित्रं देणार असाल तर हक्कांचा विचार करा. बिननावी मजकुरावरचा हक्क साधारणपणे प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. नावानिशी छापलेल्या लेखाचा मात्र लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. १९४५च्या बिननावी बातमीचा कात्रणफोटो चालेल, सहीच्या लेखाचा तपासून घ्या. वाचनालयाची लेखी परवानगी घ्याच. कायद्याने लागो न लागो, फायली त्यांनी सांभाळल्या आहेत.

पाठवताना बहुतेक ठिकाणी लेखकाचं नाव तपासणाऱ्यापासून लपवायचं असतं. नुसतं पहिल्या पानावरचं नाव पुसून भागत नाही. वर्ड फाइलच्या गुणधर्मांत तुमचं नाव राहतं, ‘आमच्या महाविद्यालयाने’ या शब्दांवरून ओळख पटते, आभारांत तर सगळंच उघड होतं. आभार आणि नावं वेगळ्या शीर्षकपानावर घाला. मराठी उदाहरणं युनिकोडमध्येच द्या. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर नुसती निरर्थक रोमन अक्षरं होऊन उघडतो आणि तुमचा तर विषयच मजकूर वाचता येण्याचा आहे. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक काढून घ्या, फुकट आहे. आपल्याकडे एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे इतके लोक असतात, की त्यावाचून तुमचं काम भलत्याच्या नावावर जमा होतं. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य तपासायची प्रणाली विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते, पाठवण्याआधी अहवाल काढून घ्या. चॅटबॉटकडून इंग्रजी सुधारून घेतलं असेल तर जर्नलच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा, आणि त्याने सुचवलेला एकही संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय यादीत ठेवू नका.

एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, हा नियम कडक आहे. ‘नाही’ आल्यावर दुसरीकडे. वाट महिनोन्महिने पाहावी लागते. तीन-चार महिने काही कळलं नाही तर संपादकाला विनम्रपणे विचारायला हरकत नाही.

‘मोठ्या दुरुस्त्या हव्यात’ असं उत्तर आलं तर खचू नका. तो नकार नव्हे. कुणीतरी तुमचा निबंध शेवटपर्यंत वाचला आहे. एक तक्ता करा: तपासणाऱ्याचा शेरा जसाच्या तसा, शेजारी तुम्ही काय केलं, कितव्या पानावर केलं. न पटलेला शेराही टाळू नका. समजा त्याने लिहिलं, की पानं फारच थोडी तपासली. तर ‘वेळेअभावी’ असं लिहू नका. ती पानं कशी निवडली, कोणत्या वर्षांतली, छपाई चांगली आणि वाईट दोन्ही घेतली का, ते लिहा. शक्य असेल तर आणखी काही पानं टाइप करून नवा आकडा द्या. हाताने टाइप केलेली ती पानं आणि त्यांचे स्कॅन निबंध स्वीकारला गेल्यावर झेनोडो या संशोधनसामग्रीच्या ऑनलाइन साठ्यावर मोफत ठेवता येतात, त्यांना स्वतंत्र डीओआयही (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. मग जुन्या मराठी छपाईवर काम करणारा नागपूरचा किंवा पुण्याचा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून टाइप करत बसणार नाही.