“त्या सुईनं जबडा सडतो म्हणे, मॅडम”

“मॅडम, त्या वर्षाच्या सुईनं जबडा सडतो म्हणे. अन् मांडीचं हाड आपोआप मोडतंय म्हणे. मग कामून घ्यायची?”

सुनीताने मोबाइल माझ्यापुढे धरला होता. हाडांच्या ठिसूळपणावर वर्षातून एकदा घ्यायच्या सुईबद्दल कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. तिची आई भिंतीला पाठ लावून बाकावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांवर रोवून, जणू हात काढले तर धड खाली येईल.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हाडांच्या ओपीडीबाहेर माझं टेबल असतं. मी डॉक्टर नाही. औषध डॉक्टर ठरवतात. पन्नाशीच्या आसपास ज्यांचं हाड किरकोळ कारणाने मोडलं, त्यांच्याशी बोलणं हे माझं काम. हाड जुळलं की लोकांना वाटतं, झालं. मोडलेलं हाड जुळतं हे खरं, पण ते ज्यामुळे मोडलं तो ठिसूळपणा तसाच राहतो. जबड्याचा प्रश्न तर मला महिन्यातून चार-पाच वेळा येतोच. या मायलेकींची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

कौसाबाईंना वय विचारलं तर म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात मी रांगत होते, आई खडी फोडायला संगं न्यायची.” म्हणजे पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. मे महिन्यात टँकरच्या गर्दीत भरलेला हंडा कमरेवर घेताना पाठीत कट्‌ झालं. घरच्यांना वाटलं, लचक भरली. कुणी शेकलं, कुणी तेल लावलं, कुणी पाय धरून ओढलं. (मणका मोडलेल्या माणसाला असं ओढणं ऐकून अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.) मग दीड महिना नुसतं झोपून. एक्स-रे काढला तेव्हा एक मणका नुकताच दबलेला निघाला आणि त्याच्या वरचा एक कधीतरी पूर्वीच दबून गेलेला. त्या जुन्याचा कुणालाच पत्ता नव्हता. असं नेहमी होतं. मणक्याचे बहुतेक फ्रॅक्चर “कंबर धरली” म्हणूनच अंगावर काढले जातात.

मी विचारलं, “मावशी, उंची कमी झाल्यासारखी वाटते का?” त्या काही बोलल्या नाहीत. सुनीताच म्हणाली, “चटणीचा डबा वरच्या फळीवर असतोय. दोन वर्सं झाली, आई मलाच काढायला लावतीय. मला वाटलं, आळस करायलीय.”

पहिल्या दिवशी मी एक चूक केली. छापील कागदावरचं सगळं म्हणून दाखवलं: ऊन घ्या, दूध प्या, चाला. कौसाबाई हसल्या. “उन्हातच जल्म गेला की, मॅडम. वीस पट्टे ऊस तोडला.” (पट्टा म्हणजे तोडणीचा एक हंगाम.) घरात दोन म्हशी, पण चहापुरतं ठेवून बाकी दूध डेअरीवर. आणि ऊन? लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला-तोंडाला फडकं. फडात उघडी राहतात ती फक्त बोटं. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व कमी निघालं त्याचं मला तरी नवल वाटलं नाही.

मग मी कागद बाजूला ठेवला आणि पहिलं हाड कधी मोडलं ते विचारलं. पाच वर्षांपूर्वी, मनगट. चिखलात पाय घसरला, हात टेकला. प्लास्टर झालं, निघालं, त्या परत फडावर गेल्या. उभ्याच्या उंचीवरून पडून मनगट मोडणं ही पहिली सूचना असते, आणि ती त्या दिवशी कुणी वाचली नाही. “पाळी कधी गेली?” “पाळी कुठली? पिशवी काढलीय की. सुनी चार वर्साची होती तवा.” म्हणजे तिशीच्या आत. कागद काही नाहीत. पण त्याच वर्षी थंडीतसुद्धा अंगातून वाफा निघायच्या, रात्री कोपीबाहेर, म्हणजे फडावरच्या झोपडीबाहेर, येऊन बसायच्या, हे त्यांना लख्ख आठवत होतं. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही गेली असावीत, असं डॉक्टरांचं मत पडलं.

इथे थोडं थांबते, कारण आमच्या जिल्ह्यात ही एका बाईची गोष्ट नाही. २०१९ साली हा विषय गाजला, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्या वेळी बोलणं झालं ते दवाखान्यांच्या नफ्याबद्दल आणि तोडणीला टोळ्या नेणाऱ्या मुकादमांबद्दल. व्हायलाच हवं होतं. पण या बायका पन्नाशीला येतील तेव्हा त्यांच्या हाडांचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. त्या आता येताहेत. माझ्या टेबलापर्यंत.

कौसाबाईंना मी असं सांगितलं: हाड म्हणजे एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. आत दोन टोळ्या जन्मभर काम करतात, एक जुनं खणून काढते, दुसरी नवं भरते. खणणाऱ्या टोळीला आवरणारा मुकादम म्हणजे इस्ट्रोजेन, ते अंडाशयात तयार होतं. मुकादम गेला की खणणारे मोकाट सुटतात आणि भरणारे मागे पडतात. चारचौघींचा मुकादम पन्नाशीच्या सुमारास जातो, तुमचा तिशीच्या आत गेला.

“आमचा खराच गेला असता तर बरं झालं असतं,” कौसाबाई म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा दोघी हसल्या.

आता सुनीताचा प्रश्न. तो मी उडवून लावत नाही, कारण व्हिडिओत सांगितलं ते धादांत खोटं नव्हतं. प्रमाण तेवढं गाळलं होतं.

त्या सुईचं नाव झोलेड्रॉनिक ॲसिड. खणणाऱ्या टोळीला आवर घालणारं औषध, वर्षातून एकदा सलाईनमधून. तिची मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली, हाडं ठिसूळ झालेल्या ७,७०० हून जास्त बायकांवर. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन, तीन वर्षं. नुसतं सलाईन घेतलेल्या शंभरातल्या जवळजवळ अकरा जणींचा नवा मणका दबला, औषध घेतलेल्या शंभरातल्या तिघींचा. खुब्याचं हाड मोडणाऱ्या हजारी पंचवीसवरून चौदावर आल्या. आणि जबडा? सगळ्या चाचणीत औषधाच्या गटात एक आणि नुसत्या सलाईनच्या गटातही एक. जबड्याचा त्रास जास्त दिसतो तो कॅन्सरच्या रुग्णांत, कारण त्यांना हेच औषध दर महिन्याच्या हिशेबाने देतात, आणि दात उपटल्यावर तो धोका वाढतो. व्हिडिओवाल्याने हे दोन्ही एकाच पोत्यात भरलं होतं.

मांडीच्या हाडाचं मात्र मी जपून सांगते. या जातीच्या औषधांनी, विशेषतः ती बरीच वर्षं चालली तर, मांडीचं हाड आडवं मोडण्याचा एक विरळा प्रकार होतो, आणि तो आशियाई बायकांत गोऱ्या बायकांपेक्षा जास्त दिसतो. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख बायकांच्या नोंदींवरून २०२० साली हिशेब मांडला गेला. दहा हजार आशियाई बायकांनी तीन वर्षं औषध घेतलं तर खुब्याचे ९१ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीचे असे ८ होतात. गोऱ्या बायकांत टळतात १४९, होतात २. म्हणजे आपल्या बाजूचं पारडं गोऱ्यांइतकं जड नाही, तरी पुष्कळ जड आहे. त्यातल्या आशियाई बायका अमेरिकेत राहणाऱ्या, मोळ्या वाहणाऱ्या नव्हेत, आणि २००७ च्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय त्र्याहत्तर होतं. कौसाबाई त्यांच्या लेकी शोभाव्यात. हेही मी सांगितलं. आकडे सांगायचे तर पूर्ण सांगावेत. सुनीता सातवीपर्यंतच शिकली, पण हिशेब पक्का. मुकादमाच्या वहीशी रोज झगडणाऱ्या बाईला दहा हजारांत आठ आणि एक्क्याण्णव समजावून सांगावं लागत नाही.

“म्हंजी न घेतली तर काय, ते व्हिडिओत नव्हतंच,” ती म्हणाली.

नव्हतंच. दोन मणके आणि एक मनगट मोडलेल्या बाईने काहीच न घेणं हाही एक निर्णय आहे, आणि त्याचेही परिणाम आहेत.

कोणतं औषध, यावर डॉक्टरांनी त्यांच्या समोरच विचार केला, ते मला फार आवडलं. आठवड्याची गोळी स्वस्त. पण ती अनशापोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यावर अर्धा तास चहा नाही, आडवं व्हायचं नाही. पहाटे चारला टोळी उठते तिथे हे किती आठवडे जमणार? सहा महिन्यांनी घ्यायचीही एक सुई आहे, डेनोसुमॅब. तीही चांगली, पण तिची तारीख हुकली की ठिसूळपणा झपाट्याने उसळतो आणि एकदम दोन-तीन मणके दबू शकतात. ऑक्टोबर ते एप्रिल कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात असणाऱ्या बाईला असलं औषध देऊ नये, असं माझंही मत. उरली वर्षाची सुई. घनता मोजायच्या तपासणीला लातूर किंवा संभाजीनगर गाठावं लागतं. किरकोळ कारणाने मणका दबला असेल तर निदान त्या आकड्यावाचूनही होतं, म्हणून डॉक्टर त्यासाठी अडून बसले नाहीत. क्षय किंवा कॅन्सरने मणका खचला नाही ना, मूत्रपिंडं ठीक आहेत ना, रक्तात कॅल्शियम पुरेसं आहे ना, हे मात्र आधी पाहून घेतलं, आणि ड जीवनसत्त्व भरून काढलं.

गाडी अडली ती दातांवर. कौसाबाई दिवसातून तीनदा मिश्री लावायच्या. दोन दाढा हलत होत्या. दंतवैद्यांनी त्या काढल्या आणि हिरडी भरेपर्यंत सुई लांबणीवर पडली. मिश्री तंबाखूचीच, आणि तंबाखू हाडांचीही वैरीण. ती सुटली असं म्हणणार नाही. तीनदाची एकदा झाली.

पोळ्याच्या आठवड्यात सुई लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सुनीताचा फोन, “आईला ताप आलाय, अंग मोडून आलंय, सुई लागली वाटतं.” पहिल्या सुईनंतर साधारण तिघींत एकीला असा ताप येतो, पॅरासिटामॉलने दोन-तीन दिवसांत उतरतो, हे मी आधी सांगून कागदावर लिहूनही दिलं होतं. कागद सापडत नव्हता. फोनवर परत सांगितलं. तिसऱ्या दिवशी कौसाबाई शेळी सोडायला गेल्या.

झोपून राहण्याची सवय मोडायला मात्र सुईपेक्षा जास्त वेळ लागला. हाड ठिसूळ आहे म्हटल्यावर घरचे माणसाला काचेच्या बांगडीसारखं जपतात, आणि पडून राहिलं की हाड आणखी विरघळतं. फिजिओथेरपिस्टने त्यांना माझ्या टेबलासमोरच रिकामा हंडा उचलायला लावला. पाठ कमानीसारखी वाकवायची नाही, गुडघे आणि खुबा मोडून खाली जायचं, हंडा पोटाशी धरायचा, उभं राहून मगच पाय वळवायचे, कमरेतून पीळ द्यायचा नाही. चौथ्यांदा जमलं. “अर्धाच भरायचा,” मी म्हटलं. “मंग दोन खेपा,” त्या म्हणाल्या. हो, दोन खेपा.

खाण्याचं आम्ही नव्याने बोललो. ज्वारीच्या भाकरीत कॅल्शियम फारसं नसतं. तिळात भरपूर, पण तीळ लावलेली भाकरी आमच्याकडे भोगीची. भोगी वर्षातून एकदाच कशाला? आणि डेअरीला जाणाऱ्या दुधातला एक मोठा पेला घरात. यावर नवरा कुरकुरला, असं कळलं.

सगळं ठरल्यावर कौसाबाई बाहेर गेल्या आणि सुनीता परत आत आली. दार लोटलं. “मॅडम, मला पण पिशवी काढायला सांगितलीय. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखायलंय. सीझनच्या आत करून घे म्हणले, म्हंजी खाडा पडायचा नाही.”

वय एकोणतीस. ती जबड्याबद्दल इतकं खोदून का विचारत होती, ते मला तेव्हा उमगलं.

पिशवी काढणं नेहमी चूकच, असं मी तिला म्हटलं नाही. कधीकधी दुसरा इलाज नसतो. पण पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं यामागे पुष्कळदा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. तिला एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले: मला नक्की काय झालंय? पिशवी न काढता काय इलाज आहे? काढलीच तर अंडाशयं ठेवणार ना? आणि अंडाशयं ठेवली तरी ती काही वर्षं लवकर थकू शकतात, हेही सांगितलं. सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे तिला पाठवलं. तिथे तपासणी झाली, नवराबायको दोघांना औषधं मिळाली. दुखणं पुष्कळ कमी झालं, अजून पूर्ण गेलेलं नाही.

दसऱ्यानंतर टोळी निघाली. कौसाबाई या वर्षी फडावर गेल्या नाहीत, नातवंडांना घेऊन घरी राहिल्या. पुढची सुई पोळ्याला, हे त्यांचं पाठ आहे. तिसऱ्या सुईनंतर थांबायचं का ते डॉक्टर बघतील, आणि मधे कधी मांडी किंवा जांघ आठवडाभर ठणकली तर वाट न बघता यायचं, हेही.

सुनीताचा कारखान्यावरून फोन आला होता. उचल घेताना तिने ऑपरेशनचे पैसे धरूनच घेतली होती. मी विचारलं, “मग त्या पैशांचं काय केलंस?”

“पत्रे घेतले, मॅडम. घर गळत होतं.”