सत्कारात काय बोलावं?

प्रश्न : आमच्या हौशी फुटबॉल संघाचे सचिव ४० वर्षांनी जबाबदारी सोडत आहेत. त्यांनी एक पैसा कधी घेतला नाही, मैदानही गाजवलं नाही. सत्कारात नेमकं काय बोलू?

उत्तर : त्यांची कामं सांगा, तीही बारकाव्यांसकट. मी स्वतः १८ वर्षं बिनपगारी सचिव होतो. नियमानुसार एका बाजूला किमान ७ खेळाडू नसतील तर सामना सुरूच होत नाही. आदल्या रात्री साडेदहाला ‘पाय मुरगळलाय’ म्हणून एकेकाचे फोन यायला लागले की सचिवाची झोप उडते. मी एकदा रात्री बारापर्यंत फोन करून दोन मुलं जमवली होती. आम्ही तो सामना हरलो, पण खेळलो! मला आजही त्याचा अभिमान आहे.

नोंदणीचे अर्ज, पंचांची सोय, फाटलेली जाळी, फक्कीच्या रेषा, पिवळ्या कार्डांची नोंद, हिशेबाची वही... हे सगळं त्यांच्याच हातून गेलं असणार. चार्ल्स अल्कॉक १८७० मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले, आणि १८७१ मध्ये त्यांनीच मांडलेल्या प्रस्तावातून एफए कप ही तिथली बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. सचिवाच्या टेबलावरून असंही काही घडतं, हे जरूर सांगा.

भाषणाआधी जुन्या खेळाडूंना एकच विचारा, ‘सरांनी तुझ्यासाठी काय केलं?’ आणि सचिवांच्या वह्या मात्र आत्ताच मागून घ्या, रद्दीत जाऊ देऊ नका.