प्लग आणि कॉइल बदलूनही गाडी मिसिंग करते, पी ०३०२ कोड परत परत येतो. घरच्या घरी दोष कसा शोधू?

पी ०३०२ म्हणजे २ नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट न जळणं), आणि दरवेळी हाच कोड येतोय यानेच तुमचं निम्मं काम झालंय. चार सिलिंडरची पेट्रोल गाडी, आयडलला थरथर, चढावर झटके, चारही प्लग नवे, २ नंबरची कॉइल नवी, एवढं तुम्ही सांगितलंत. यावरून फ्युएल पंप, एअर फिल्टर, हवेचा सेन्सर, भेसळीचं पेट्रोल हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. यातलं काही बिघडलं तर त्रास चारही सिलिंडरना होतो, आणि तेव्हा कोड बहुधा पी ०३०० (ठरावीक सिलिंडर न सांगणारा) येतो किंवा शेवटचा आकडा बदलत राहतो. एकच सिलिंडर सतत चुकत असेल तर फक्त त्याचंच असलेलं सामान तपासायचं: कॉइल (प्लगला ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारी), प्लग, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा), त्यांच्या वायरी, व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या रिंगा.

त्याआधी एक गोष्ट. गाडी चालवताना चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी ताणू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो वितळतो. मग मूळ दोषापेक्षा तोच खर्च मोठा होतो.

आता कृपा करून आणखी एकही पार्ट विकत आणू नका. आहे तेच सामान सिलिंडर बदलून लावा आणि दोष त्याच्यामागे जातो का ते पाहा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर २ नंबरची कॉइल ३ नंबरवर लावा आणि ३ ची २ वर. प्लगची अदलाबदल मात्र २ आणि ४ मध्ये करा. इंजेक्टरला हात लावू नका. स्कॅनरने कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत मिसिंग होतं त्याच परिस्थितीत गाडी चालवा. आता पी ०३०३ आला तर कॉइल खराब. पी ०३०४ आला तर प्लग. पी ०३०२ च राहिला तर दोन्ही सुटले, दोष इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशनमध्ये (पिस्टन सिलिंडरमध्ये तयार करतो तो दाब) आहे. एका फेरीत तीन शक्यता वेगळ्या होतात. नवा पार्ट म्हणजे चांगलाच असणार हे मात्र धरून चालू नका. हातातून पडलेल्या नव्या प्लगच्या चिनीमातीला केसाएवढी चीर गेली तरी दाब वाढला की ठिणगी तिथूनच पळते. आयडलला कमी आणि चढावर जास्त मिसिंग होतं, तेव्हा संशय आधी ठिणगीवरच घ्यावा, कारण सिलिंडरमधला दाब वाढतो तसा ठिणगीला लागणारा व्होल्टेजही वाढतो.

सिलिंडर कुठून मोजायचे हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. आडव्या बसवलेल्या बऱ्याच इंजिनांत १ नंबर टायमिंग चेनच्या बाजूला असतो, पण सगळ्यांत नाही. भलत्याच सिलिंडरवर नवी कॉइल बसवलेली असणं अजिबात दुर्मीळ नाही.

प्लग बाहेर आलाच आहे तर नीट पाहा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय किंवा जळत नाहीये. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे इंजेक्टर चालू आहे, पण ठिणगी किंवा कॉम्प्रेशन नाही. टोक तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. तेल फक्त वरच्या विहिरीत, म्हणजे कॉइलच्या रबरी नळीभोवती असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतंय; ते न बदलता नवी कॉइल घातली तर तीही जाईल. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरूनच उतरतेय: प्लग आणि कॉइलची रबरी नळी दोन्ही बदला. गॅप मॅन्युअलप्रमाणेच ठेवा, साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. प्लग आधी हातानेच आट्यांत बसवा, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे पटकन जातात.

कोड जागचा हलला नाही तर इंजेक्टर. इंजिन आयडलला ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काही सेकंद काढा. चांगल्या सिलिंडरचा काढला की इंजिन लगेच खाली बसतं. २ चा काढून काहीच फरक पडला नाही तर तो सिलिंडर काम करतच नाहीये. यासाठी कॉइलचा कनेक्टर काढू नका: कच्चं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं आणि उच्च व्होल्टेजचा झटका बसू शकतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावा, चारही ठिकाणी सारखी टिकटिक ऐकू यायला हवी. नंतर इंजिन बंद करून मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. साध्या पोर्ट इंजेक्टरमध्ये तो साधारण ११ ते १६ ओहम असतो, पण महत्त्वाचं हे की चारही आकडे जवळपास सारखे यावेत. कनेक्टरची पिन मागे सरकलेली किंवा हिरवी पडलेली आहे का तेही पाहा, कारण टिकटिक नसण्याचं कारण कित्येकदा तिथेच सापडतं. गाडी डायरेक्ट इंजेक्शनची (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी) असेल तर ही इंजेक्टरची तपासणी आणि पेट्रोलची लाइन उघडणं दोन्ही घरी करू नका, तिथे दाब खूप जास्त असतो.

शेवटी कॉम्प्रेशन. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजेक्टर आणि कॉइल सगळ्यांचे कनेक्टर काढलेले, चारही प्लग बाहेर, एक्सलरेटर पूर्ण दाबलेला. गेज लावून ५-६ झटके सेल्फ मारा. सुस्थितीतल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार येतात, आणि चार सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. २ नंबर कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचा १ किंवा ३ सुद्धा तितकाच कमी असेल तर दोघांच्या मधलं गॅस्केट फुटलेलं असण्याची दाट शक्यता. सकाळी पहिल्या स्टार्टला मिनिटभर मिसिंग, मग ठीक, आणि कूलंट हळूहळू कमी होतंय, असं असेल तरी गॅस्केटचाच विचार करा.

गाडी सीएनजी किंवा एलपीजीवरही चालत असेल आणि टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग, ज्यांच्यात थोडी फट ठेवतात) हाताने सेट करायचे असतील, तर इंजिन उघडायचा निर्णय घेण्याआधी २ नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप थंड इंजिनवर फीलर गेजने मोजा. गॅसवर व्हॉल्व्हची सीट लवकर झिजते, गॅप कमी होत जातो, आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. वेळेत सापडलं तर नुसत्या टॅपेट सेटिंगवर भागतं.