पत्र मुलीनं लिहायला हवं होतं

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय फ्रेंच. बड्या कंपनीत नोकरी मिळेल म्हणून आम्हीच घ्यायला लावला. आता म्हणते, एम.ए. करून आफ्रिकेतलं फ्रेंच साहित्य आणि सिनेमा शिकायचाय. पॅरिस सोडून हिला सेनेगल कुठून सुचलं? मोबाइल तूर्त काढून घेतलाय. तिला कोणत्या कोर्सला घालावं? – एक पालक, नाशिक

उत्तर : आधी मोबाइल परत द्या. ती वीस वर्षांची आहे.

तुमच्या दोन पानी पत्रात मुलीचं म्हणणं एका ओळीत आलंय, तेही चेष्टेनं. ते वाचताना उस्मान सेंबेन या सेनेगली दिग्दर्शकाचा 1966 चा 'ला न्वार द...' आठवला. द्युआना ही सेनेगली तरुणी फ्रान्समध्ये एका गोऱ्या कुटुंबाकडे घरकाम करते. आईचं पत्र येतं. द्युआनाला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून मालक वाचून दाखवतो आणि स्वतःच तिच्या नावानं उत्तर लिहायला बसतो. ती आईचं पत्र फाडून टाकते. तुमच्या लेकीला तर लिहिता येतं, दोन-तीन भाषांत!

'खरं फ्रेंच पॅरिसचं' हा समज मात्र काढून टाका. सेनेगल, हैती, क्वेबेक, मॉरिशस, सगळीकडे फ्रेंच आहे आणि प्रत्येक ठिकाणी तिचं स्थानिक भाषांशी वेगळं भांडण आहे. हेच सेंबेन फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहायचे. आपल्याच लोकांना त्या वाचता येत नाहीत म्हणून सिनेमाकडे वळले, आणि 1968 च्या 'मंदाबी'त पात्रांना वोलोफ ही सेनेगलची भाषा बोलायला लावलं. मॉरिशसला तर कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज आहेत : घरात क्रिओल (फ्रेंचमधून तयार झालेली तिथली बोली), पेपर फ्रेंच, शाळेत मराठीचाही तास. आपल्या मुलीला यात रस वाटला, तर त्यात विचित्र काय?

नोकरीचं म्हणाल तर वाटा नेहमीच्याच : एम.ए. आणि नेट करून शिकवणं, नाहीतर डेल्फ बी-टू, पुढे डाल्फ सी-वन या फ्रेंचच्या परीक्षा आणि भाषांतर किंवा कंपन्यांची कामं. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत, हे तिलाही कळू द्या. पण कंपनी भाषेची पातळी बघते. ती पॅरिसच्या कादंबरीवर कमावली की सेनेगलच्या राजधानीच्या, डाकारच्या, हे कुणी विचारत नाही.

कोर्स मी सुचवणार नाही. फ्रेंच कादंबरी तिला शब्दकोशाविना कितपत वाचता येते, सिनेमा सबटायटल्स बंद करून किती कळतो, हे मला तिच्याकडून ऐकायचंय. पुढचं पत्र तिनं लिहावं. पाठवण्याआधी तुम्ही ते वाचायचं नाही.